आतड्याची तार

दिवा निळा होता. पिवळा असायला हवा होता. झालं ते एवढंच. मिनीबसमध्ये बावीस माणसं कोंबलेली होती, त्यातल्या एकालाही ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. शेजारच्या बाईच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता आणि तिचा सगळा जीव त्या ट्रेमध्ये. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता आणि वर स्वतःही गात होता, दोघांचे सूर वेगळे. अल्माटी मागे पडलं होतं. डाव्या हाताला डोंगर, त्यांच्यावर अजून बर्फ, खाली सफरचंदाच्या बागा नुकत्या फुललेल्या. माझ्या हातात फोन, फोनला लटकलेला डॅक, म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक डबी, आणि डबीतून निघून माझ्या कानांपर्यंत आलेली हेडफोनची वायर. त्या डबीवर मोहरीएवढा एक दिवा असतो. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

फोनला एक वाईट खोड असते. त्याला दिलेलं संगीत तो जसंच्या तसं पुढे देत नाही, मधे तोंड घालतो. सगळ्या आवाजांना एकाच मापाचे कपडे चढवतो, वर स्वतःच्या अकलेने तिखटमीठ टाकतो, आणि मग कानाकडे पाठवतो. म्हणून आमच्यासारखे लोक वेगळा प्लेयर ठेवतात. तो फोनला सांगतो, बाबा रे, तू गप्प बस. आणि रेकॉर्डिंग सरळ डबीकडे सोडतो. सरळ गेलं की दिवा पिवळा, फोनने हात लावला की निळा. यात कळायला कठीण काही नाही. पण आज मी आमचा प्लेयर उघडलाच नव्हता. ज्यांच्याकडे निघालो होतो त्या तिलेकेंचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं म्हणून, ते मला तपासायला पाठवणाऱ्या फाउंडेशनचा जुना मेसेज काढला आणि त्यातल्याच लिंकवर बोट मारलं. फोनने आपल्या मनानेच ते वाजवायला घेतलं. आणि मग मला आठवलं की मार्चमध्येसुद्धा मी अगदी हेच केलं होतं. हाच मेसेज, हीच लिंक, हेच बोट. तेव्हा दिवा कुठल्या रंगाचा होता ते मी पाहिलंच नव्हतं.

मी कुआनिश. चोपन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं, तो बंद पडला तेव्हा हातात एक पुष्पगुच्छ आणि हे कान राहिले. मग फोनवरून चांगलं संगीत कसं ऐकावं याचा एक ग्रुप काढला. कुठली डबी घ्यावी, कुठले हेडफोन, वायर का, बिनवायरचं का नको, असल्या गोष्टींवर आम्ही तासन्‌तास भांडतो. चार हजार माणसं आहेत त्यात. ती मला अल्तिन कुलाक म्हणतात, सोन्याचा कान. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेत म्हटलं होतं, मी ते खरं मानलं. माझी बायको रौशान म्हणते, "सोन्याचा कान असेल, पण घरात तुला तीन हाका माराव्या लागतात." आज सकाळी निघतानाही ती काहीतरी म्हणाली होती. दारात उभी राहून. हेडफोन माझ्या कानावर होते, मी मान हलवली आणि जिना उतरलो. ती काय म्हणाली ते मला आता मिनीबसमध्ये काही केल्या आठवेना, कारण ते मी ऐकलंच नव्हतं.

फाउंडेशनला दोम्ब्राच्या, म्हणजे आमच्या दोन तारांच्या वाद्याच्या, दहा जुन्या वादकांचा संग्रह काढायचा होता, आणि अट एकच, तार आतड्याची हवी. पूर्वी सगळे आतड्याचीच लावायचे. मेंढीचं आतडं धुवायचं, खरवडायचं, पीळ द्यायचा, वाळवायचं. आता सगळे मासे धरायची नायलॉनची दोरी लावतात. स्वस्त पडते, तुटत नाही, हवा दमट झाली तरी उतरत नाही. आवाज मात्र कोरडा, टणटणीत, भांडी घासल्यासारखा. दहा म्हाताऱ्यांची रेकॉर्डिंगं आली, आणि खरंखोटं करायला फाउंडेशनने मला बोलावलं. कान कुणाचा? कुआनिशचा. नऊ मी पास केली. दहाव्याबद्दल लिहिलं, 'ही नायलॉन आहे. आतडं नव्हे. वगळा.' तेवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण तोंड शिवशिवत होतं. ग्रुपवरही लिहिलं, 'काही बुजुर्ग आतडं सांगून आपल्याला नायलॉन विकतात. पण सोन्याचा कान फसत नाही.' नाव नाही घेतलं. नाव घ्यायची गरजच नव्हती, दहातलं एक गळलेलं सगळ्यांना दिसत होतं. तीनशे बारा लोकांनी अंगठे दाखवले. मी मोजले होते.

ते दहावे म्हणजे तिलेऊबाय. पण आमच्यात मोठ्या माणसाचं नाव असं पुरतं घेत नाहीत, तिलेके म्हणतात. वय एक्याऐंशी. या डोंगराच्या पायथ्याला राहतात, चाळीस-एक मेंढ्या आहेत, नातीने घरीच रेकॉर्ड करून पाठवलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी शिव्यांची तयारी ठेवून उचलला. पलीकडून शांत, जरा घोगरा आवाज, "कुआनिश, बालाम, शनिवारी जेवायला ये. मेंढी कापतोय." बालाम म्हणजे माझ्या बाळा. मी विचारलं, "काही कार्य आहे का, तिलेके?" ते म्हणाले, "तू येतोस हेच कार्य." मी मनात म्हटलं, म्हातारा सारवासारव करणार. पोटभर खाऊ घालणार, मग हळूच म्हणणार की जरा सांभाळून घे. आणि मी काय उत्तर द्यायचं ते दोन दिवस आरशासमोर घोकलं होतं. नम्रपणे, पण ठाम. तार ती तार, तिलेके. माझा इलाज नाही. आता त्या वाक्याची मला शिसारी आली.

मी फोनची सेटिंग उघडली. बस खड्ड्यांतून चालली होती, बोट भलतीकडेच पडत होतं. ध्वनी, मग आणखी आत, मग आणखी आत. 'आवाज सुधारा' असं एक बटण होतं आणि ते सुरू होतं. मी सुरू केलं नव्हतं. फेब्रुवारीत फोन अपडेट झाला, त्याने परस्पर केलं. म्हणजे मार्चमध्ये मी जे ऐकलं ते तिलेकेंचं बोट नव्हतंच, ते फोनने सुधारलेलं बोट होतं. वरचे सूर टोकदार केलेले, तळ कापलेला. मी बटण बंद केलं. आमचा प्लेयर उघडला. फाइल त्यात टाकली. दिवा क्षणभर विझला आणि पिवळा लागला. डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटले नाहीत, समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत ऐकलं. पहिल्याच आघाताला कळलं. बोट तारेवरून सरकतं तेव्हा आतड्यावर एक बारीक खसखस होते, कोरडा हात घोंगडीवरून फिरवावा तशी. ती होती. प्रत्येक सुराच्या मागे होती. आणि खालच्या सुराला ती ओलसर खोली, नायलॉनमध्ये सात जन्मात येणार नाही अशी. आतडं. ढळढळीत आतडं. कुणीही ओळखावं. अंड्यांच्या बाईला दिलं असतं तर तिनेही ओळखलं असतं. मी ते एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, चौथ्यांदा ऐकताना माझ्या कपाळावर घाम होता, आणि बाई मला अगाय, म्हणजे दादा, अशी हाक मारून म्हणाली, "काय हो, बरं वाटत नाही का? खिडकीपाशी बसा हवं तर, पण माझी अंडी सांभाळून."

उतरून जावं असं वाटलं. खरंच वाटलं. एका फाट्यावर बस थांबली, दोन माणसं उतरली, मीही अर्धा उठलो. फोन करून सांगायचं, पोट बिघडलंय. कुणाला कळणार होतं? तो दिवा फक्त मी पाहिला होता. ते बटण फक्त माझ्या फोनमध्ये होतं आणि आता तर बंदही झालं होतं. संग्रह निघाला होता, नऊ नावं छापून झाली होती, गवगवा दोन महिन्यांत विरला होता. एक म्हातारा राहून गेला, राहून जातात माणसं. आणि मी जर बोललो, तर उद्यापासून कान कुणाचा? फाउंडेशन दुसऱ्याला बोलावेल. चार हजार माणसं हसतील, आणि ती हसतात कशी ते मला माहीत आहे, कारण दुसऱ्यांना हसायला मीच त्यांना शिकवलंय. चोपन्नाव्या वर्षी माझ्याकडे दुसरं आहे काय? ड्रायव्हर ओरडला, "उतरायचं तर उतरा, नाहीतर बसा, लोंबकळू नका!" मी बसलो. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. लोक बघत होते म्हणून बसलो.

लहानपणी मी सात भावंडांत शेवटचा. घरी मेंढी कापली की डोकं ज्येष्ठ पाहुण्यापुढे ठेवायचे, आणि पाहुणा त्याचा कान कापून सगळ्यात लहानाला द्यायचा, मोठ्यांचं ऐकणारा हो म्हणून. सगळ्यात लहान नेहमी मीच. किती कान खाल्ले असतील, देवाला माहीत. आवडायचे नाहीत, चिवट, कुरकुरीत, चावून चावून जबडा दुखायचा. मी गालात धरून बाहेर जायचो आणि कुत्र्यापुढे थुंकायचो. पुढे स्टुडिओत नाव झालं तेव्हा आई शेजारणींना सांगायची, "आमच्या कुआनिशने कान खाल्लेत ना, म्हणून असा ऐकतो." मी तिला खरं कधीच सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे आठवायचं काय कारण होतं? पण आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ मार्चमधली ती दुपारही आठवली, जी मी बरेच दिवस नीट आठवली नव्हती. नौरोजचे, म्हणजे वसंतातल्या नववर्षाचे दिवस. मेव्हण्याकडे पंगत. फाउंडेशनची मुलगी सारखी विचारत होती, झालं का, झालं का. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, आत आरडाओरडा, खालून कुणाचं तरी लहान मूल रडतंय. लिंकवर बोट मारलं. चाळीस सेकंद ऐकलं. पाच मिनिटांची चाल होती. चाळीस सेकंद ऐकलं आणि लिहून मोकळा झालो.

गावाच्या तोंडाशी तिलेके स्वतः उभे होते. टोपी, काठी, धुतलेला सदरा. मला वाटलं होतं त्याहून लहानखुरे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि लगेच सोडला नाही. बोटं जाड, खडबडीत, उजव्या हाताची नखं मात्र नीट राखलेली. "रस्त्यात त्रास नाही ना झाला?" "नाही, तिलेके." "घरचे बरे?" "बरे." "मुलंबाळं, गुरंढोरं?" अपार्टमेंटमध्ये कसली गुरं, पण विचारायची रीत. "सगळं बरं," मी म्हणालो. अंगणात त्यांची सून गुलझिरा नळाखाली घमेलं घेऊन मेंढीचं आतडं धूत बसली होती. लांबच लांब, पांढुरकं, तिच्या बोटांतून सरकत होतं. आम्ही जवळून गेलो तशी तिने वर बघून विचारलं, "अता, याचं काय करू? ठेवायचं?" घरात तिलेकेंना सगळे अता म्हणतात, म्हणजे बाबा.

तिलेके थांबले. घमेल्याकडे बघून म्हणाले, "कशाला? टाक कुत्र्याला." आणि मला म्हणाले, "चल, चहा निवतोय."

घरात दोन शेजारी आधीच बसलेले होते, ओराझाली आणि झुमाताय, दोघेही सत्तरीपुढचे. ओराझालीने मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "हा का तो? मला वाटलं कान मोठे असतील." झुमाताय खो खो हसला. चहा ओतायला नात होती, आयसाना, एकोणीस वर्षांची, शहरात कॉलेजात शिकणारी. रेकॉर्डिंग तिनेच केलं होतं. तिने मला कप दिला तो काठोकाठ भरून. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा कप देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. भरून दिला की त्याचा अर्थ, पी आणि नीघ. तिलेकेंनी ते पाहिलं आणि कप तिच्याकडे परत सरकवला. ती अर्धा ओतून घेऊन आली. मी कप घेतला, आणि तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. दोम्ब्रा खिळ्याला टांगलेला होता. जुना, तपकिरी, हातांनी झिजलेला. त्याला तारा नव्हत्या. दोन खुंट्या नुसत्या उघड्या, तोंडातले दात काढून घ्यावेत तशा.

कुणी काही बोलेना त्याबद्दल. हीच तर आमची रीत, पाहुणा जेवल्याशिवाय त्याला कामाचं विचारायचं नाही. मेंढ्यांबद्दल बोलले, यंदा गवत उशिरा आलं म्हणून बोलले, झुमातायच्या गुडघ्याबद्दल बोलले. मी हो हो करत होतो. मनात वाक्यं जुळवत होतो आणि ती एकेक गळून पडत होती. तांत्रिक अडचण आली होती, तिलेके. छे. फोन अपडेट झाला होता, तिलेके. छे. आज ना उद्या मी फाउंडेशनशी हळूच बोलीन, दुसऱ्या संग्रहात तुमचं नाव घालू. हे त्यातल्या त्यात बरं होतं, कुणाचीच लाज गेली नसती. फोन खिशात मांडीला टोचत होता. हेडफोन गळ्यातच राहिले होते, ते काढायचं भान मला उरलं नव्हतं, आणि आयसाना सारखी त्यांच्याकडे बघत होती.

मग मांस आलं. मोठं ताट, वाफ, कांदा, आणि त्यावर मेंढीचं डोकं, तोंड माझ्याकडे केलेलं. ज्याचे वडील हयात आहेत तो डोक्याला हात लावत नाही. माझे जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा तो अडसर नव्हता. पण मी म्हणालो, "तिलेके, मोठे बसलेत. मी कसा घेऊ?"

"हे दोघे रोजचेच," तिलेके म्हणाले. "घरात उंदरांपेक्षा जास्त हेच दिसतात. पाहुणा तू." त्यांनी सुरी पुसून मुठीच्या बाजूने माझ्या हातात दिली. मी ती घेतली. आणि ते म्हणाले, "कापायच्या आधी एक विचारतो. जेवणानंतर विचारलं असतं तर बरं दिसलं असतं, पण जेवलो की मला झोप लागते."

ओराझाली गालातल्या गालात हसला.

"त्या तारा मी वळल्या होत्या, बालाम. मेंढी माझी, आतडं मी धुतलं, पीळ मी दिला, या खिडकीत वाळवलं. म्हणजे तार खोटी नाही. तुझा कानही खोटा नाही, सगळं अल्माटी सांगतं. मग उरलं काय?" त्यांनी दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर धरले. "ही उरली. मी पुष्कळ विचार केला. एक्याऐंशी वर्षांची बोटं. आतड्यातून नायलॉनचा आवाज काढायला लागली असतील तर मग थांबलेलं बरं. म्हणून तारा उतरवल्या. राग नाही माझा, देवाशपथ. मला एवढंच सांग, हे कधीपासून झालं असेल? त्याच चालीत, की आधीपासून वाजवतोय असाच? ज्याचं त्याला कळत नाही रे. आणि ही पोरगी, ही तर मला खोटंच सांगणार."

मला आरोप हवा होता. आरोप केला असता तर मी भांडलो असतो, भांडता भांडता कुठेतरी सुटलो असतो. हा माणूस माझा खोटेपणा स्वतःच्या बोटांवर घेऊन बसला होता आणि माझ्याकडून त्याची तारीख मागत होता. आणि खरं सांगतो, त्याही वेळी माझ्या जिभेवर दोन शब्द आले. वय, तिलेके. एवढंच म्हणायचं होतं, दुःखी चेहरा करून. त्यांनी मान डोलावली असती. सगळ्यांनी मांस खाल्लं असतं. संध्याकाळच्या बसने मी घरी, कान शाबूत. हातातली सुरी जड झाली, ताटातली वाफ चष्म्यावर आली, समोरचे चारही चेहरे धुरकट झाले. ते हात मात्र दिसत होते. ते अजून तसेच पुढे धरलेले होते, म्हातारपणाने जरासे थरथरत, तपासणीला धरल्यासारखे.

"तार आतड्याची होती," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे," तिलेके म्हणाले. "मी विचारतोय..."

"बोटं ठीक आहेत. मी चुकलो."

मग मी सांगायला लागलो. दिवा, डबी, अपडेट, बटण. भरभर सांगत होतो, हात हलवून, गळ्यातले हेडफोन दाखवून. झुमाताय भुवया आक्रसून ऐकत होता. "म्हणजे दिवा चुकला?" त्याने विचारलं.

"दिवा बरोबर होता, अगा. फोन चुकला."

"फोन चुकला," आयसाना म्हणाली. अगदी हळू. "आणि ग्रुपवर ते फोननेच लिहिलं का, अगाय? आतडं सांगून नायलॉन विकतात, असं? अता रोज रात्री माझ्याकडून ते वाचून घ्यायचे. मी म्हणायचे, नका वाचायला लावू. तरी वाचून घ्यायचे."

माझा चेहरा तापला. लहानपणी बाप कानशिलात मारायचा तेव्हा तापायचा तसा. "नाही," मी म्हणालो. "फोन नाही चुकला. चाल पाच मिनिटांची होती. मी जिन्यात उभं राहून चाळीस सेकंद ऐकली. नऊ जण पास केले होते. एकाला तरी नापास करायला हवं होतं, नाहीतर लोक म्हणाले असते, याला कशाला बोलावलं? तुमचं दहावं होतं, म्हणून तुम्ही. पहिलं असतं तर तुम्ही पास झाला असता आणि दुसराच कुणी गेला असता. असं आहे ते."

तिलेकेंनी हात मागे घेतले. मांडीवर ठेवले. मग एकेक बोट मिटून बघू लागले, करंगळीपासून, पुन्हा उघडून. "म्हणजे ही ठीक आहेत," ते म्हणाले.

"ठीक आहेत."

"नीट सांग. माझ्यावर दया म्हणून नको सांगूस."

"आज चार वेळा ऐकलं, तिलेके. सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. त्या नऊ जणांत असं आतडं एकाचंही वाजत नाही."

आणि तेव्हा ते भडकले. त्यांनी मूठ ताटाशेजारी अशी आपटली की चहाचे कप नाचले. "दोन महिने!" ते ओरडले. आवाज फाटला. "दोन महिने रोज सकाळी उठून मी ही बोटं बघतोय, गाढवा! बायको मेली तेव्हासुद्धा मी वाजवायचा थांबलो नव्हतो!" ओराझालीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो झटकला. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं, मला सांगता येत नाही. मी मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवी खाऊन एवढं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"इथे बोलून काय उपयोग?" आयसाना म्हणाली. "इथे चार माणसं. तिथे चार हजार."

मी सुरी ठेवली, हात पुसले, फोन काढला. दोनदा चुकीची अक्षरं पडली. लिहिलं, 'मार्चमध्ये मी तिलेऊबाय यांच्या तारेला नायलॉन म्हटलं. ती आतड्याची होती. मी चाळीस सेकंद ऐकून लिहिलं. दिवा निळा होता, पाहिला नाही. मला सोन्याचा कान म्हणू नका.' फाउंडेशनलाही तेच लिहिलं. आयसानाने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "आता पाठवा." पाठवलं. क्षणभर काही नाही. मग फोन थरथरला, पुन्हा थरथरला, मग थांबेचना. पहिला मेसेज दिसला, 'हा हा हा, दादा, चाळीस सेकंद?' मी तो पालथा ठेवला.

डोकं तसंच माझ्याकडे तोंड करून होतं, निवत चाललेलं. आता मी त्याचा कान कापून आयसानाला द्यायचा होता. या घरात सगळ्यात लहान तीच. मोठ्यांचं ऐकणारी हो, असं म्हणायचं असतं. मी सुरी उचलली, पण ते वाक्य मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मी ताट फिरवलं, डोक्याचं तोंड तिलेकेंकडे केलं, आणि सुरी मुठीच्या बाजूने त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही कापा, तिलेके. आणि कान मला द्या."

"वेडा झालास?" झुमाताय म्हणाला. "चोपन्न वर्षांचा घोडा तू. कान पोरांना देतात."

"ठाऊक आहे, अगा."

तिलेके माझ्याकडे बघत राहिले. श्वास अजून जोरात चालला होता. मग त्यांनी सुरी घेतली, कान दोन बोटांत धरला, बुडापासून एका कापात वेगळा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता अजून. "लहानपणी कुणी दिला नव्हता तुला?"

"पुष्कळ दिले. मी थुंकायचो."

"तरीच," ते म्हणाले. "चाव आता. माझ्यासमोर."

मी तोंडात टाकला. चिवट, खारट, मधे कुरकुरीत. चावायला लागलो आणि डोक्यात नुसता आवाज भरला, कर्र कर्र, दातांतून हाडात आणि हाडातून थेट आत, मधे ना डबी ना वायर ना फोन. बाकी काही ऐकू येईना. ओराझाली हसत काहीतरी म्हणत होता ते कळलं नाही. आयसाना तोंडावर हात धरून बसली होती. तिलेके मात्र हसत नव्हते. त्यांनी मान वळवून खिडकीतून हाक मारली, ती मला गिळल्यावर कळली.

"गुलझिरा! ते आतडं टाकलंस का कुत्र्याला?"

"नाही, अता," बाहेरून आवाज आला. "झाकून ठेवलंय."

तिलेकेंनी भिंतीवरच्या दोम्ब्राकडे पाहिलं. मग विचारलं, "वाळायला किती दिवस लागतील?"

"ऊन असंच राहिलं तर चार."

"मग याचा बिछाना घाला," ते म्हणाले, आणि मांसाचा मोठा तुकडा कापून माझ्यापुढे टाकला. "तार वाळेपर्यंत हा कुठे जात नाही."